टेबलाखालची ओळ

ग्वाल्हेरच्या थाटीपुरातले सुतारदादा डिझाइन शिकून आलेले, पण लाकूड गावातलंच वापरतात. झाड कुठे होतं आणि का पाडलं, हे प्रत्येक वस्तूच्या तळाला कोरतात. मी त्यांच्या हाताखाली काम करायचो, आणि मला ते भित्रेपणाचं वाटायचं. एवढं खरं लिहायचं, तर ते लपवून का?

एका बिल्डरने स्वतः पाडलेल्या कडुनिंबाचं मोठं टेबल करवून घेतलं. न्यायला आल्यावर त्याने वाकून वाचलं: 'सिटी सेंटर. पार्किंगसाठी पाडला.'

"दादा, ये घिसवा दो."

"ले जाना है तो ऐसे ही ले जाइए."

वर्षातलं सर्वांत मोठं काम गेलं. मी म्हणालो, "दादा, त्याने झाड का पाडलं, याचं मी पत्रक काढून वाटतो."

"रहने दे. तू ही बाजू धर," म्हणत त्यांनी करवत उचलली.

टेबलाचे अकरा पाट झाले. प्रत्येकाखाली तीच ओळ त्यांनी पुन्हा कोरली. पहिला पाट बिल्डरच्या शेजारणीने नेला.