निर्वंश माणसाची लेक

बाई करंगळीचं नख ओळीखाली ठेवत आणि विचारत, "कशावरून?" एवढ्या एका शब्दाने त्यांनी आमचा पेणचा छापखाना हैराण केला होता. चहावाला म्हणाला, "बाय, आलं घातलंय," तरी कशावरून. मी म्हणाले, "पान संध्याकाळी देते," तरी कशावरून.

मी पत्रकांच्या गठ्ठ्यांवर झोपून वाढलेली मुलगी. मोर्चे, संप, जमिनी, सगळ्यांची पत्रकं माझ्या वडिलांनी छापली. म्हणून एका घराण्याचा कुलवृत्तांत छापायला आला तेव्हा मी नाक मुरडलं. पानोपानी बाप आणि मुलगे! पण माहिती गोळा करणाऱ्या निघाल्या बाई. रोह्याच्या कॉलेजात जन्मभर जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. कापडी पिशवी घेऊन त्या एसटीने कोलाडपासून डोलवीपर्यंत नातेवाइकांची घरं पालथी घालत. पुरुषांना आजोबांच्या पलीकडचं नाव आठवत नसे. ते त्यांच्या बायकांना ठाऊक असे.

एका दुपारी कॉम्प्युटरवर बाईंच्या वडिलांचं नाव आलं. पुढे शब्द होता: निर्वंश. मुलगे नसलेल्या माणसापुढे असं लिहायची पद्धत. बाई त्यांची एकुलती एक लेक.

नख तिथेच थांबलं. कुलवृत्तांत काढणाऱ्या मंडळाचे चिटणीस, बाईंचे चुलतभाऊ, शेजारीच बसले होते.

"दादा, मी कोण हाय? भूत?"

ते हसले. "अगं, मनाला काय लावून घेतेस? आता हे शास्त्रीय आहे. वंश वाय गुणसूत्रावरून चालतो आणि मुलीत वाय नसतं. तूच शिकवायचीस ना?"

आपलंच शास्त्र आपल्यावर फेकलेलं पाहून बाईंचा चेहरा लाल झाला. आवाज मात्र वर्गातलाच राहिला.

"चिंपांझीतही वाय बापाकडून मुलाकडेच जातं. त्यांना घेणार का कुलवृत्तांतात?"

"थट्टा नको."

"थट्टा नाय. एक्स आणि वाय ही एकेकाळी साधी, सारखी जोडी होती. वाय झिजत गेलं, बहुतेक जनुकं गळली. आपलं आणि चिंपांझीचं एक्स शेजारी ठेव, बरंचसं जुळेल. गोरिलाचंही. वाय ठेव, ओळखू येणार नाय इतकं बदललंय. सगळ्यात जास्त बदललेला तुकडा, आणि त्याला तुम्ही अखंड वंश म्हणता! बाबांचं एक्स, वायशी अदलाबदल होणारी टोकं सोडली तर, जसंच्या तसं माझ्याकडे आलंय. मुलगा असता तर त्याला ते मिळालंच नसतं. काढ तो शब्द."

"मंडळापुढे ठेवू," म्हणत ते उठले.

माझं डोकं भणभणत होतं. त्याच संध्याकाळी मी पत्रक लिहिलं. मथळा: ‘पुरुषांनो, तुमचं वाय संपत आलंय!’ बाईंनी नख ठेवलं.

"कशावरून?"

"झिजतंय म्हणालात ना?"

"झिजलंय. पण उरलेलं लाखो वर्षं टिकून आहे. रागव गो, खूप रागव. पण खोटं नको. खोटं बोलण्यात ते आपल्यापेक्षा पटाईत आहेत."

मथळा मी खोडला. राग ठेवला. पुढची भेट झाली नाही. बाई रोह्याला घरीच गेल्या, हृदयविकाराने.

तेरावं उरकल्यावर चिटणीस शेवटची प्रत घेऊन आले. शब्द तिथेच होता.

"काका, हा काढायचा होता."

"आता कुणासाठी? त्यांच्या मागे आहे कोण?"

मी नख ठेवलं. "निर्वंश? कशावरून?"

"पोरी, तुला छापायला दिलंय, अक्कल शिकवायला नाय."

माझ्या वडिलांनी उठून मशीन बंद केलं. एवढं मोठं काम, तेही ऐन मंदीत. "दुसरीकडे छापा," म्हणाले. काकांनी छापलं. रोह्यात थाटात प्रकाशन झालं, पेढे वाटले.

परवा एका गिऱ्हाइकाकडे ते पुस्तक पाहिलं. जाड, सोनेरी अक्षरांचं. बाईंचं पान काढलं. वडिलांच्या नावापुढे निर्वंश. आणि त्याच्याच खाली, बारीक टाइपात: ‘या शाखेची माहिती त्यांच्या कन्येने दिली.’

तुमच्याही घरी असं एखादं पुस्तक असेल. काढा ते कपाटातून, आणि नख ठेवा.