राधाक्काची मोटार

पुराच्या मदत कमिटीचा हिशेब तुमच्याकडं आला म्हणे! मग आधी एक सांगा, विश्वास कुणावर ठेवणार? मिरजगावात माझं पाइप-पत्र्याचं दुकान. पाणी ओसरलं की माणसं खिळे न्यायला येतात अन् किस्से ठेवून जातात. गल्ला रिकामा, कान भरलेले!

*

सीना नदीला पाणी चढलं तेव्हा काठावरच्या राधाक्कानं एकटीनं दोर लावून नदीवरची मोटार वर ओढली, बांधावर ठेवली अन् म्हशी सोडायला पळाली. परत येते तर मोटार गायब! पुरानं सोडलेलं माणसानं नेलं. मोटार नाही तर रब्बीचा कांदा नाही, अन् कांद्याशिवाय त्या घरात दुसरं काही येत नाही.

माझ्याकडं येऊन म्हणाली, "शेठ, शिव्या नदीला देऊ का गावाला?"

*

शेजारचा ताडपत्रीवाला. लोकांच्या डोक्यावर पत्रा राहिला नव्हता अन् यानं भाव दुप्पट केला! मी तडकलो, "अरे, उद्या तुझ्या घरी मयत झालं अन् कापडवाल्यानं असाच भाव लावला तर?"

गडी शांतपणे म्हणतो, "शेठ, कापडवाला माझा साडू हाय!"

*

नगरच्या सावेडीहून ब्लँकेटचा टेम्पो आला. हायवेवरच अडवला. कुणी? टेकावरच्या आळीनं, जिथं उंबऱ्यालाही पाणी शिवलं नव्हतं! एक बहाद्दर तर आधी हापशाखाली बसला, चिंब झाला, मग लायनीत शिरला.

टेम्पोतल्या बाई कळवळल्या, "अगंबाई, किती भिजलात हो!" अन् त्याला दोन ब्लँकेटं दिली. नदीकाठी पोचला तो मोकळा टेम्पो.

*

मग "चोर फिरत्यात" अशी अफवा उठली. भानुदासनं गस्त काढली. गावात सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. "आक्का, तुमची मोटार मी हुडकून देतो!" त्या आशेवर राधाक्का गस्तवाल्यांना रोज चहा पाजायची.

एका संध्याकाळी या टोळीनं खांबावर चढलेला अनोळखी माणूस खाली ओढला अन् बदडला. तो वायरमन निघाला, गावाची लाइट जोडायला आलेला! तो हात गळ्यात बांधून गेला, गाव अंधारात बसलं.

भानुदास म्हणतो, "पन चोरी झाली का? न्हाई ना!"

*

खंडेनवमीला आमच्याकडं कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळी अवजारं पुजतात. भानुदासनं गस्तवाल्यांना प्रसादाला बोलावलं. मलाही, अन् चहा पाजते म्हणून राधाक्कालाही.

अंगणात अवजारं मांडलेली, मधोमध एक मोटार. ताजा लाल ऑइलपेंट, माझ्याच दुकानातून नेलेला! वर हळदकुंकू, झेंडूचा हार, पुढं नारळ. पण मोटारीच्या डोक्यावर बैलगाडीची कडी वेल्ड केलेली. राधाक्काच्या मालकानं हयात असताना उचलायला म्हणून बसवून घेतली होती. तशी मोटार पंचक्रोशीत दुसरी नव्हती.

मी ओरडलो, "भानुदास, लाज नाही वाटत? चोरीची मोटार पुजतोस?"

"मग काय करू, शेठ? खंडेनवमीला लोखंड बिनपुजेचं ठिवायचं व्हय?"

राधाक्का पुढं झाली. हार काढून त्याच्या खुरप्यावर घातला. नारळ उचलून त्याच्या हातात दिला. "ह्यो तुझा," म्हणाली. मग कडीत दोर ओवला. "अन् ही माझी. चल, धर दुसऱ्या बाजूनं."

हिशेब ठेवणार ना तुम्ही? तेवढा असा ठेवा, बुवा.