काट मारलेला कावळा

दिनकर सोमवारी पहाटे गेला. बुधवारी रक्षाविसर्जनाला घाटावर आम्ही एकोणीस जण होतो. आठ वाजता नैवेद्य ठेवला. दहीभात, दोन वडे आणि त्याच्या आवडीची तंबाखूची पुडी. साडेनऊ झाले तरी कावळा शिवेना. समोरच्या झाडावर सात-आठ बसले होते, खाली एकही उतरत नव्हता. त्याच्या धाकट्या भावानं हात जोडून सांगितलं की पोरीचं लग्न मी करून देतो. मेहुण्यानं गावाकडच्या, नेसरीच्या शेताचं बोलून दाखवलं. कावळे बसून राहिले. तेव्हा सुमनवैनी, दिनकरची बायको, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, "भावजी, तुमच्यापाशी आडलंय."

त्याचं माझ्यापाशी काय राहिलं असेल, मला कळेना. वीस वर्षं आम्ही एकाच फाउंड्रीत होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मालकांनी आम्हा दोघांना वर्षभरासाठी जपानला, नागोयाला धाडलं. वर्ष संपल्यावर दोघांतल्या एकालाच आणखी दोन वर्षं ठेवून घेणार, हे निघण्याआधीच ठरलेलं होतं. माझं घर तेव्हा स्लॅबपर्यंत येऊन थांबलं होतं. ती दोन वर्षं मला मिळावीत असं फार वाटायचं, आणि दिनकरला ते ठाऊक होतं.

आम्ही राहायचो ती गल्ली अकरा घरांची. सकाळी प्रत्येकजण आपलं दार झाडायचा आणि शेजाऱ्याच्या हद्दीत हातभर झाडून थांबायचा. त्याहून जास्त झाडलं तर आगाऊपणा व्हायचा. संध्याकाळी पाच वाजता खांबावरच्या कर्ण्यातून एक गाणं वाजे, की पोरं खेळ सोडून घरी. कचऱ्याचे वार ठरलेले, पिशव्या आरपार दिसणाऱ्या, त्यामुळं कोणाच्या घरी काय खाल्लं ते सगळ्या गल्लीला दिसायचं. पिशव्यांवर निळी जाळी टाकायची, कारण तिथले कावळे धिप्पाड आणि बिलंदर. दिनकर म्हणायचा, "आपल्याकडं कावळ्याची वाट बघत्यात लेका, हितं त्याला जाळी लावत्यात." भाषा त्याला पटकन आली. मला नमस्कार आणि आभार, यापलीकडं फारसं जमलं नाही.

तिथं असतानाच नेसरीत त्याचे वडील वारले. फोन आला तेव्हा अग्नी देऊन झाला होता. जायला सुट्टी नव्हती. तो दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी जेवला. मला वाटलं, सावरला.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत गल्लीत कावळ्यांचा सुळसुळाट झाला. जाळ्या उचकटायच्या, पिशव्या फाटायच्या, माशांची डोकी रस्ताभर. एका संध्याकाळी शेजारच्या यामादाबाई आमच्या दारात आल्या. सत्तरीच्या, गल्लीच्या कचऱ्याची देखरेख त्यांच्याकडं होती. त्यांनी दोन्ही हातांनी मला एक कागद दिला. त्यावर काळ्या शाईनं काढलेला कावळा, पुढं भाताची वाटी, आणि दोन्हींवर लाल काट. मला वाटलं, घरोघरी वाटत असतील. मी कमरेत वाकून चार वेळा आभार मानले. बाई वळून गेल्या. दिनकर मागं उभा होता, तो आत निघून गेला. त्यानंतर बाई आमच्या हद्दीतलं हातभर झाडेनाशा झाल्या.

वर्ष संपलं. घरमालकाची कंपनीकडं तक्रार गेली आहे, एवढंच मला सांगितलं, आणि परत पाठवलं. दिनकर राहिला. मी कोल्हापूरला आलो आणि तो कागद काचेत बसवून सोप्यात लावला. जपानची आठवण म्हणून... पाहुण्यांना मी कौतुकानं दाखवायचो.

घाटावर वैनींनी सांगितलं ते असं. वडिलांच्या तिसऱ्या दिवशी, मी पहिल्या पाळीला गेल्यावर, दिनकरनं जाळीशेजारच्या भिंतीवर दहीभात ठेवला. कावळा लगेच शिवला. त्याला इतकं बरं वाटलं की तो रोज ठेवू लागला. गल्लीनं विचारलं तेव्हा त्यानं माझं नाव सांगितलं. त्याला रीतभात कळत नाही, म्हणाला.

"आजारपणात मला बोलले. तुमास्नी सांगायचं धाडस झालं न्हाई त्यांचं. माफ केलं म्हणा की भावजी, एवढंच."

बापासाठी भात ठेवला, यात मला काही वावगं दिसत नाही. मला विचारलं असतं तर मीच ठेवला असता. पण परत आल्यावर सहा वर्षं दर रविवारी तो माझ्याकडं चहाला येत होता... बाकीचे अठरा जण माझ्याकडं बघत होते. भाऊ म्हणाला, "पावणं, काय असंल ते बोला, ऊन वाढाय लागलंय." मी हात जोडले. शब्द खरा असल्याशिवाय तोंडातून काढायची मला सवय नाही, आणि तो खरा नव्हता. साडेदहाला नैवेद्य उचलून गाईला घातला.

घरी आल्यावर सोप्यात बसलो. दिनकरची एक ठरलेली खुर्ची होती, वेताची, दाराशेजारची. दुसरी कितीही पुढं केली तरी तो तिच्यावरच बसायचा. वारं लागतं म्हणायचा. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्या खुर्चीत बसून बघितलं. वारं तिथं लागत नाही. कावळ्याचं चित्र तेवढं बरोबर पाठीमागं येतं.

चित्र मी भिंतीवरून काढलेलं नाही. खुर्ची फिरवून चित्राकडं तोंड करून ठेवली आहे.