माझ्यापुरता चहा

हिरव्या चहापुडीवर गरम पाणी पडलं की कापलेल्या गवतासारखा वास येतो, आणि मला जबलपूरच्या सदर भागातल्या घरातली ती दुपार आठवते. विहारात मुक्कामाला आलेल्या एका जपानी भिक्खुणीकडून मी त्यांच्या रीतीचा चहा शिकले होते. चटईवर बसायचं, बांबूच्या छोट्या रवीने चहा फेसाळेपर्यंत घुसळायचा आणि वाटी हातात फिरवून शांतपणे प्यायचा. त्या दिवशी मी नुकतंच पाणी ओतलं होतं, तेवढ्यात नवऱ्याचे मित्र आले. सासूबाई दारातून म्हणाल्या, "पाहुणे आले अन् तू काहून बसून राहिली? चहा टाक." लग्न झाल्यापासून मी या हाकेला उठत आले होते. म्हटलं, "आई, मी माझा चहा करून राहिले. तो झाला की उठीन." बैठकीतून कुणीतरी हसून म्हणालं, "भाभीजी, इतनी देर में तो दस कप बन जाते." मी घुसळत राहिले. शेवटी नवराच स्वयंपाकघरात गेला. बराच वेळ डबे वाजले. मग त्याने ओरडून विचारलं, "साखर कुठं आहे?" हा चहा पिताना बोलत नसतात. मी वाटी फिरवली आणि तो कडवट घोट सावकाश घेतला. त्या घरात इतकं निवांत मला कधीच वाटलं नव्हतं. साखरेचा डबा आजही त्याच फळीवर आहे. आता नवऱ्याला तो मला न विचारता सापडतो.