केवड्याचं पान

तुम्ही हसणार, हे धरूनच सांगते. हसा. पण आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल आणि तोही माझ्याच माथी मारतील.

परळच्या चाळीत तेव्हा पायमशीन होतं ते माझ्याच खोलीत. त्यामुळे सगळ्या मजल्याच्या गोधड्या माझ्याकडे. वरचं कापड, आतले थर बायांचे, शिलाई माझी. आणि शिलाईची नक्षी कुठली, यावरची भांडणंही माझ्याच उंबऱ्यात. शिवून कधी दमले नाही हो, नक्षी ठरवून दमले.

माझं आपलं एक शास्त्र होतं. वर ठिगळांची गर्दी असेल तर मुकाट सरळ रेघा मारायच्या, तिथे नक्षी काढलीत तर दिसणार कुणाला? साधं एकरंगी लुगडं असेल, तर मात्र शंकरपाळी घाला, लाटा घाला, काय हवं ते घाला. साध्या कापडावर काही लपत नाही. हे वाक्य मी इतक्या तोऱ्यात म्हणायची की चाळीतल्या पोरी माझी नक्कल करायच्या.

तर एका रविवारी आमच्या शेजारच्या परबकाकू दोन गोधड्यांचं सामान घेऊन आल्या. एक ठिगळांची, घरात वापरायला. दुसरी जांभळ्या लुगड्याची, बाळंतपण उरकून सासरी निघालेल्या मुलीसाठी. मी जांभळीचे थर जमिनीवर पसरले आणि सपाट बसावेत म्हणून वर पाटा ठेवला, धान्याचे दोन डबे ठेवले.

तेवढ्यात दिगंबरभाऊजी आले. माझा धाकटा दीर. सोमवारी अकरा वाजता दादरला एका कचेरीत कारकुनाच्या जागेसाठी मुलाखत होती. गिरणीत कापसाची धूळ खाऊन पोरगा खोकत होता, त्यामुळे या नोकरीवर सगळ्या घराचा जीव टांगलेला. आणि पँट एकच. भाऊजी ताडमाड उंच, चाळीत त्यांच्या मापाची दुसरी पँट मिळणं शक्य नव्हतं.

"वहिनी, एवढी दाबून ठेवशील?"

आमच्याकडे इस्त्री कुठली? कपडा घडी घालून अंथरुणाखाली ठेवायचा, झाली इस्त्री. इथे तर आयता पाटा होता. मी पँटची घडी मोडू न देता ती लांबच लांब त्या थरांमध्ये सरकवली. मीच. याच दोन हातांनी.

आणि काकूंनी तोंड उघडलं.

"गो सुमन, ठिगळांवर शंकरपाळी काढ. आणि जांभळीवर नुसत्यो रेघो मार."

"उलट, काकू. साध्यावर नक्षी खुलते."

"माका खुलवूची नाय. माका टिकवूची हा."

खालून मोर्चा चालला होता. 'झालाच पाहिजे'च्या आरोळ्यांनी कठडा हादरत होता. खाली मुंबई कुणाची यावर रण पेटलेलं, आणि वर आम्ही दोघी तासभर शंकरपाळी कुठे यावर. आमचे हे मोर्चातून घसा बसवून परत आले, तरी आमचा निकाल लागला नव्हता. शेवटी काकू म्हणाल्या, "कर तुका काय ता." मी जिंकले. जिंकून इतकी दमले होते की डबे उचलले, पाटा उचलला, धावदोरा घातला आणि मशीनवर बसले.

सुई दोनदा तुटली. मी म्हटलं, काकूंच्या जुन्या धोतरांत गाठी असतील. वर त्यांना बोलही लावला, "आत काय काय कोंबता हो?"

संध्याकाळी काकूंनी गोधडी गॅलरीत कठड्यावर पसरली. बाया जमल्या. शंकरपाळी छानच आली होती, पण मधोमध एक लांब उंचवटा उठून दिसत होता. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला निमुळता.

"ह्यां काय काढलंस गो?" काकूंनी विचारलं.

मलाही कळेना. पण सात बाया बघत होत्या.

"केवड्याचं पान," मी म्हटलं. "उठावाचं काम आहे. साध्या कापडावरच शोभतं."

दोघींनी तिथेच सांगितलं, आमच्यावरही केवडाच काढ. काय सांगू, त्या रात्री मला फार छान झोप लागली.

सकाळी भाऊजी आंघोळ करून, शर्ट घालून, खाली लेंग्यावर उभे.

"वहिनी, पँट?"

मी पाट्याकडे पाहिलं. पाटा भिंतीला टेकून उभा होता. मी नुसतं काकूंच्या दाराकडे बोट दाखवलं.

काकूंनी पाच मिनिटं मला जे काही ऐकवलं ते मालवणीत होतं, आणि तिथेच राहू दे. मग मात्र त्यांनीच ब्लेड आणलं. चार बाया जांभळी गोधडी घेऊन गॅलरीत बसल्या आणि शंकरपाळी उसवू लागल्या. इतके घट्ट टाके कुणी घातले, म्हणून मला शिव्या. पावणेदहाला पँट निघाली. घडी सुरेख बसली होती. फक्त दोन्ही पायांवर कमरेपासून घोट्यापर्यंत सुईच्या भोकांची शंकरपाळी होती.

भाऊजी ती घालून गेले. दुसरं करणार काय? मी देवाला दिवा लावून रडत बसले. पोराच्या नोकरीचं मी वाटोळं केलं, हेच डोक्यात.

दुपारी आले ते हसतच. जागा मिळाली होती. साहेबांनी सगळे प्रश्न विचारून झाल्यावर हळूच विचारलं म्हणे, "हे कापड कुठल्या मिलचं?" भाऊजी म्हणाले, "घरचंच आहे, साहेब."

तेव्हापासून माझ्याशी नक्षीवरून कुणी भांडत नाही. तू म्हणशील ती काढ, म्हणतात. फक्त गोधडी टाकायला आलेली बाई आधी विचारते, "दिगंबर कुठे आहे?" मग भाऊजींनी दारात येऊन उभं राहायचं. त्यांच्या अंगावर पँट आहे हे तिने डोळ्यांनी पाहिलं, की मगच मला मशीनला हात लावायची परवानगी.