बू यूसुफच्या बंदुकीचं टेंडर

बू यूसुफनी माझ्या टेबलावर वाकून उजवी भुवई पुढे केली. "नीट बघ, मुहंदिस. दिसतं?"

भुवईच्या मधोमध चंद्रकोरीसारखा व्रण होता. चांगला दिसत होता. पण मालकाचा व्रण दिसतो म्हणावं की नाही, हे मला बावीस वर्षांच्या नोकरीत कुणी शिकवलेलं नाही. मी म्हटलं, "थोडासा, सर."

"माझ्या सासऱ्यांना तो अंधारातसुद्धा दिसतो," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

बू यूसुफ म्हणजे यूसुफचे वडील. कुवेतात मोठ्या माणसाला थोरल्या मुलाच्या नावानं ओळखतात. ते आमच्या कंपनीचे मालक, मी त्यांचा परचेस मॅनेजर. अम्गरातल्या आमच्या यार्डात येणारा प्रत्येक पंप, व्हॉल्व्ह आणि कॉम्प्रेसर माझ्या सहीनं येतो. मुहंदिस म्हणजे इंजिनिअर. आमचं बोलणं इंग्रजीत चालतं, मधूनमधून अरबी, आणि त्यांना राग आला की हिंदी.

भानगड अशी होती. बू यूसुफ दर वर्षी सासरे आणि मेहुण्यांबरोबर रोमानियाच्या डोंगरात हरणाच्या शिकारीला जातात. मागच्या वर्षी त्यांनी भलीमोठी मॅग्नम रायफल नेली होती. पहिल्याच बाराला ती इतकी मागे आली, की वरची दुर्बीण भुवईत घुसली. पुढचा सगळा आठवडा त्यांच्या गोळ्या कुठे गेल्या, ते रोमानियालाच माहीत. सासऱ्यांच्या दिवाणियात, म्हणजे पुरुषांच्या बैठकीच्या खोलीत, तो किस्सा अजून पाहुण्यांना कॉफीबरोबर देतात. यंदाही हात हलवत परत आलो तर पुढच्या वर्षी बायकांबरोबर मॉलमध्ये पाठवतील, असं ते म्हणाले. हसत म्हणाले, पण भुवई हसत नव्हती.

"तू घेतलेला पंप कधी पडला नाही. बंदूकही तूच निवड. विश्वासाची पाहिजे, आणि जिचा धक्का सोसवेल अशी. लायसन्सचं मंदूब बघेल." मंदूब म्हणजे सरकारी कागदांमागे धावणारा आमचा माणूस.

मी नाशिकचा. आमच्या घरात अंडंही शिजत नाही. आयुष्यात मी टिकल्यांचं पिस्तूल सोडून काही चालवलेलं नाही. हे सगळं मी सांगायला हवं होतं. मी विचारलं, "डिलिव्हरी कधीपर्यंत हवी?"

संध्याकाळी अबू हलीफा भागातल्या आमच्या फ्लॅटवर लॅपटॉप उघडून बसलो, तर माझी बायको मेधा मागे येऊन उभी राहिली. "अहो, तुम्हाला धड वांगी निवडता येत नाहीत. बंदूक कसली निवडताय?"

मी म्हटलं, नोकरीचा भाग आहे. आमची सानिका इथेच जन्मली, इथेच वाढली. तिनं फोनमधून मान वर केली. "बाबा, टेक्निकली यू आर हेल्पिंग अ मर्डर."

त्या रात्री मला मटार उसळ गोड लागली नाही. पण काम हाती घेतलं की ते नीट करायचं, ही माझी खोड आहे.

आमच्या धंद्यात टेक्निकल इव्हॅल्युएशन नावाची गोष्ट असते. तीन-चार कंपन्यांचा माल एका तक्त्यात मांडायचा, प्रत्येक गुणाला मार्क द्यायचे, बेरीज करायची. शर्क भागातल्या लायसन्सवाल्या दुकानातून मी माहिती मागवली. भरवशाचा प्रश्न लवकर सुटला. बोल्ट अ‍ॅक्शन रायफलीत प्रत्येक बारानंतर कडी हातानं मागे ओढून पुढे ढकलायची, दाराच्या अडसरासारखी. भाग कमी, म्हणून बिघाड कमी. हातपंप बंद पडत नाही त्याचं कारण तेच.

रिकॉइल, म्हणजे मागचा धक्का, हे तर शाळेतलं भौतिकशास्त्र. गोळी आणि दारू जितकी जास्त तितका धक्का जास्त. बंदूक जितकी जड तितका धक्का कमी. शिवाय नळीच्या तोंडाशी मझल ब्रेक नावाचा भोकाभोकांचा तुकडा लावला, की वायू बाजूला फेकला जातो आणि धक्का आणखी उतरतो. मग मी मधल्या ताकदीची, सर्वांत जड, मझल ब्रेकवाली रायफल निवडली. कागदावर तिचा धक्का सगळ्यांत कमी होता. दुसऱ्या नंबरला मैलभर मागे टाकून ती पहिली आली.

शुक्रवारी बू यूसुफ मला शूटिंग रेंजवर घेऊन गेले. तिथले इन्स्ट्रक्टर कॅप्टन हानी, निवृत्त इजिप्शियन फौजी. तशीच एक रायफल त्यांनी आणून ठेवली होती. बू यूसुफनी ती उचलली आणि माझ्याकडे पाहिलं.

"डोंगरावर ही कोण उचलणार? तू येतोस?"

वजनाला मी शंभरपैकी शंभर मार्क दिले होते, जास्त वजन म्हणजे चांगलं म्हणून. ती खांद्यावर टाकून माणूस चढ चढणार आहे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पंप एकदा फाउंडेशनवर बसवला की तो कुठे चालायला जात नाही.

मग बार झाला. कानावर मफ असूनही माझे दात हलले. मझल ब्रेक धक्का कमी करतो, पण आवाज चालवणाऱ्याच्याच कानशिलावर आणून आपटतो. कागदाचं लक्ष्य जसंच्या तसं. पुढच्या गोळ्याही मातीत गेल्या. धक्का खरोखर कमी होता, खांदा नीट होता, तरी नेम जात होता. बू यूसुफ बंदुकीवर चिडले, मग दुकानावर, मग हिंदीत माझ्यावर.

आमच्याकडे पंप थरथरायला लागला, की आधी मोटर त्याच्यापासून सोडवून मोकळी चालवून बघतात. याला नो-लोड टेस्ट म्हणतात. मोटर मोकळी असतानाही थरथरली, तर पंप निर्दोष. मी कॅप्टन हानींना बाजूला घेऊन विचारलं, बंदुकीची अशी टेस्ट करता येते का? त्यांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि खिशातून एक काडतूस काढलं. दिसायला खऱ्यासारखंच, पण आत दारू नाही. ते म्हणाले, "करता येते, त्यांना न सांगता हे भरून. मालक तुझा आहे, विचार तू कर."

मी विचार केला. मी हो म्हटलं. ज्याचं मीठ खातो त्या माणसाच्या पाठीमागे मी ही गोष्ट ठरवली, आणि ती ठरवताना इकामा, म्हणजे इथल्या राहण्याचा परवाना, याच महिन्यात रिन्यू व्हायचा आहे, हेही मला पक्कं आठवत होतं.

बू यूसुफनी नेम धरला. चाप ओढला. टक्.

धक्का नाही, आवाज नाही. पण नळीचं तोंड खाली गोता खाऊन गेलं, खांदा वर उडाला आणि दोन्ही डोळे गच्च मिटले. तिथे हवासुद्धा हलली नव्हती. थरथर मोटरमध्ये होती.

बू यूसुफनी बंदूक हळूच खाली ठेवली. "किसने बोला ये करने को?"

कॅप्टन हानी लक्ष्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "मी, सर."

त्यांनी बंदुकीकडे बोट दाखवलं. मग बाजूला सरकले. "अब तू."

मी म्हटलं, सर, मी शाकाहारी आहे. ते म्हणाले, कागद खायचा नाहीये, मारायचाय.

कॅप्टननी पाठमोरं होऊन काहीतरी भरलं. खरं की खोटं, मला कळलं नाही. मी खांद्याला दस्ता लावला, श्वास धरला, कुलदैवताचं नाव घेतलं आणि चाप ओढला. टक्. माझा चष्मा नाकावरून टेबलावर पडला. डोकं कधी खाली गेलं ते समजलंच नाही. वर पाहिलं तेव्हा बू यूसुफ खाली बसले होते, पोट धरून.

"मुहंदिस," त्यांना धड बोलता येईना, "तुझ्या मोटरचं तर फाउंडेशनच गेलंय."

त्यानंतर गोष्टी सोप्या झाल्या. माझा तक्ता मी पुसला आणि जे पहिल्या दिवशी विचारायचं ते तेव्हा विचारलं. त्रास नक्की कसला होतो? खांद्याचा नव्हता. आवाजाचा होता, आणि भुवईचा. म्हणून आम्ही सिक्स पॉइंट फाइव्ह मिलिमीटरची बारीक गोळी घेतली. मॅग्नमच्या निम्म्याहून कमी धक्का, पण बेताच्या अंतरावरून हरणाला पुरेशी. बंदूक बेताच्या वजनाची, मझल ब्रेक नाही, दस्त्याला मऊ रबर. दुर्बीण अशी, की डोळा चार बोटं लांब ठेवूनही चित्र पूर्ण दिसतं. पुढचे कितीतरी शुक्रवार कॅप्टन हानी खऱ्या काडतुसांत खोटी मिसळून देत होते. कुठलं खरं ते माहीत नसलं, की हात हळूहळू घाबरणं सोडतो. मीही सोबत जायचो. माझं डोकं अजून खाली जातं.

विमानतळावर सासऱ्यांनी ते बारीक काडतूस पाहून विचारलं म्हणे, ही बंदूक पोराची, यूसुफची, आहे की तुझी? बू यूसुफ म्हणाले, टेंडर काढून घेतली आहे.

आठवड्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला. डोंगर, धुकं, बू यूसुफ आणि शेजारी आडवं झालेलं मोठ्या शिंगांचं हरीण. खाली लिहिलं होतं, एकच गोळी, जागेवर. सासऱ्यांनी बंदूक मागून घेऊन दोनदा हाताळली, असंही होतं. भुवईचा विषय संपला होता. मी यार्डात उभ्या उभ्या खूश झालो, अगदी मनापासून.

मग घरी फोटो दाखवला. सानिकानं तो बोटांनी मोठा करून पाहिला. "सो, लास्ट इयर त्यांची गन वाईट होती म्हणून सगळी डिअर्स वाचली?"

मेधा म्हणाली, "जेवून घ्या." वांग्याचं भरीत होतं. वांगी तिनं स्वतः निवडून आणली होती.

बू यूसुफ परतले आणि तिसऱ्या दिवशी शिंगं माझ्या ऑफिसात लागली, पुरस्कार म्हणून, बरोबर माझ्या खुर्चीसमोर. इकामाही रिन्यू झाला. आता कुणी कोटेशन घेऊन आलं की आधी शिंगांबद्दल विचारतं, आणि मी सांगतो की निवड माझी होती.

नव्या पोरांना मी एवढंच शिकवतो, की माल घेण्याआधी तो वापरणाऱ्याला विचारा. तक्त्यात त्याचा कॉलम ठेवा. बंदुकीच्या दुसऱ्या टोकाला जो उभा असतो, त्याचा कॉलम मात्र कसा भरायचा, ते मला अजून जमलेलं नाही. सध्या मी खुर्ची खिडकीकडे फिरवून घेतली आहे.