कूलरमधले पापड

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आणि माझ्या धाकट्या बहिणीनं वाचनालयातून आणलेली एक कादंबरी वाचली. परक्या देशातल्या गावात शत्रूचं सैन्य येऊन राहतं आणि तिथली मुलं गुपचूप त्याच्याशी लढतात, अशी गोष्ट. मुलं धान्य लपवायची, सांकेतिक भाषेत बोलायची. पुस्तक संपलं तेव्हा आपल्या धुळ्यातल्या देवपुरात काहीच कसं घडत नाही, याचं आम्हाला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात शिंदखेड्याहून मामा आले. फौजेतून निवृत्त झालेले. दात बसवून घ्यायला महिनाभर धुळ्यात राहणार होते. आल्याआल्या त्यांनी पंख्याखालची खाट घेतली, रेडिओ घेतला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळ्यांना उठवलं.

बहीण म्हणाली, “कब्जा झाला.”

आम्ही लढा सुरू केला. आईनं नुकतेच केलेले उडदाचे पापड आम्ही धोतराच्या फडक्यात बांधले आणि बंद पडलेल्या कूलरच्या तळाशी लपवले. शत्रूला अन्न मिळू द्यायचं नाही, असं पुस्तकात होतं.

दुपारी उकाडा असह्य झाला. मामांनी आम्हाला न विचारता कूलरची वायर जोडली, चार बादल्या पाणी ओतलं आणि बटण दाबलं. आधी गार वारा आला. मग हिंगाचा वास आला. मग पंप घरघरून थांबला. मामांनी आत हात घातला, तर कोपरापर्यंत पीठ.

चिडले की ते अहिराणीत बोलत. “हाई काय शे?”

‘सांगू नको’ असं मी बहिणीला ‘च’च्या भाषेत बजावलं, “चांगूस चकोन.”

मामा शांतपणे म्हणाले, “चापडप चोणीक?”

त्यांनाही ती भाषा येत असेल, हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. बहिणीनं लगेच सगळं सांगून टाकलं, कादंबरीसकट. मामांनी ती मागून घेतली आणि दोन दुपारी खाटेवर पडून वाचली.

“कशी वाटली?” मी विचारलं.

“लढाईत आम्ही सीमेपलीकडच्या एका गावात शाळेत मुक्काम केला होता,” ते म्हणाले. “तिथली पोरं लांबून बघत राहायची. एका मुलीला मी बिस्किटं देऊ केली. तिनं घेतली नाहीत.”

“का?”

“तुम्ही मला पापड ठेवले का?”

त्या संध्याकाळी बहिणीनं आपणहून रेडिओ त्यांच्या उशाशी नेऊन ठेवला.

आईनं मात्र कोणालाच सोडलं नाही. नवीन पीठ मळून तिनं आम्हा तिघांना पोळपाट-लाटणं दिलं. मामांचा एकही पापड गोल झाला नाही. मामा निघाले तेव्हा आईनं त्यांचे पापड वेगळ्या डब्यात भरून त्यांच्याबरोबरच शिंदखेड्याला पाठवून दिले.